तांदळाच्या दाण्याएवढं मागे

हिरामात्सु कान्सुकेच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तिळाएवढे पांढरे डाग होते, ठिणग्यांचे. तीस वर्षं वेल्डिंग मारणाऱ्या कुणाच्याही हातावर असतातच ते. पण कारखान्यातले लोक म्हणायचे की कान्सुकेचे सगळे डाग जुने आहेत, नवीन एकही नाही, आता ठिणगीसुद्धा त्याला विचारून उडते. तो यावर काही बोलायचा नाही. मुळात तो कशावरच फार बोलायचा नाही. त्याची बायको हात्सुए सांगायची, मला बघायला आले तेव्हा हे तासभर बसले आणि एवढंच बोलले की तुमच्या फाटकाची बिजागरी निखळलीय, उद्या येऊन जोडून देतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी हजर.

कारखाना मोटारसायकलींचा, तेनर्यू नदीच्या काठी. मोटारसायकलची फ्रेम म्हणजे सगळ्या नळ्याच, आणि त्यातला सगळ्यात वाईट जोड मानेचा. हँडलची जाड नळी आणि खालच्या तीन पातळ नळ्या तिथे एकत्र येतात. उष्णता जरा जास्त झाली की पातळ नळी जळते, कमी झाली की जाड नळी धरत नाही, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा शेवटी त्याच जोडावर येऊन आदळतो. तो जोड कान्सुके मारायचा. एकटा पुरा पडायचा नाही म्हणून निम्म्या फ्रेम बाहेर जायच्या, मिचिओच्या शेडमध्ये.

मिचिओ हात्सुएचा धाकटा भाऊ. कान्सुकेनंच त्याला हाताशी धरून शिकवलेलं. शिकवलेलं म्हणजे काय, मारलेलं. कान्सुके त्याच्या मागे तारेच्या ब्रशचा लाकडी दांडा घेऊन उभा राहायचा आणि हात चुकला की बोटांवर खाडकन. काय चुकलं ते सांगायचा नाही, कारण त्याला स्वतःलाच शब्दांत सांगता यायचं नाही. चार वर्षांनी दांडा बसायचा थांबला, तेव्हा मिचिओला कळलं की आपल्याला आता येतं. मग त्यानं घरामागे पत्र्याची शेड टाकली, दोन म्हातारे कामाला घेतले, आणि वीस वर्षं ती शेड या एका जोडावर चालली. दुसरं काही काम त्याच्याकडे नव्हतंच.

ब्याऐंशी सालच्या वसंतात कारखान्यात रोबो आला.

नारिंगी रंगाचा, माणसापेक्षा दीड हात उंच, एकच हात आणि त्याच्या टोकाला वेल्डिंगची बंदूक. नवीन यंत्र आलं की करतात ते सगळं केलं. देवळातून पुजारी आला, पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्यांची काठी त्यानं रोबोवरून फिरवली, पायाशी मीठ टाकलं, तांदळाची दारू शिंपडली, आणि साठ माणसं टोप्या काढून त्याच्यासमोर वाकली. मग नाव ठेवायला चिठ्ठ्या टाकल्या. त्सुरुको निघालं. त्सुरु म्हणजे करकोचा, लांब मानेचा, म्हणून. त्या दिवसापासून तो रोबो ‘ती’ झाली. हजेरीच्या फळीवर तिचं कार्ड लागलं, कान्सुकेच्या कार्डाच्या खालीच. रोज सकाळी आठला भोंग्यावर व्यायामाचं संगीत लागायचं, सगळे हात वर, हात खाली, आणि कुनिएदानं त्सुरुकोलाही ते शिकवून ठेवलं, तर तीही रांगेत आपला एक हात वर, एक हात खाली. लोक हसून हसून बेजार. कान्सुकेलाही हसू आलं पहिल्या दिवशी.

कुनिएदा म्हणजे नवा इंजिनिअर, सव्वीस वर्षांचा, बारीक, चष्म्याला एका बाजूला चिकटपट्टी. गर्विष्ठ नव्हता, ते मात्र खरं. पहिल्याच दिवशी कान्सुकेसमोर कमरेतून वाकला आणि म्हणाला, हिरामात्सुसान, तिला काही येत नाही, तुम्ही शिकवाल तेवढंच तिला येणार.

आणि मुकादम साकाकिबारानं, तो कान्सुकेच्याच वयाचा, एकाच वर्षी लागलेले दोघं, त्यानं चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. कारखान्यातल्या कुणाची नोकरी जाणार नाही, वरून शब्द आलाय. पण त्सुरुको बसली की बाहेरचं काम बंद, ऑगस्टमधल्या ओबोनच्या सणाआधी. मिचिओ कोण लागतो ते त्याला माहीत होतं, कान्सुके आणि हात्सुएच्या लग्नात तो जेवला होता.

कान्सुके ‘नाही’ म्हणू शकला असता का? लोकांनी नंतर खूप चर्चा केली यावर. मला वाटतं त्याच्या डोक्यातच आलं नाही ते. तीस वर्षांत त्यानं या कारखान्याला कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं.

शिकवायचं असं. कुनिएदाच्या हातात बटणांची पेटी, जाड वायरनं त्सुरुकोला जोडलेली. एक बटण दाबलं की हात केसभर पुढे, दुसरं दाबलं की केसभर डावीकडे. कान्सुकेनं सांगायचं इथे थांब, आता बंदूक अशी तिरकी कर, आता पुढे. जागा बरोबर आली की कुनिएदा ती नोंदवायचा, मग पुढची जागा. आणि कान्सुकेला सांगताच येईना. “हात कसा जातो तुमचा इथून?” कुनिएदा विचारायचा. “जातो तसा जातो,” कान्सुके म्हणायचा. मग स्वतः एक जोड मारून दाखवायचा, कुनिएदा काळी काच लावून बघायचा, पुन्हा दाखवायचा. तीन आठवडे लागले. मानेच्या त्या एका जोडाला शेहेचाळीस जागा झाल्या. शेवटी त्सुरुकोनं पहिला जोड मारला तेव्हा तो हुबेहूब कान्सुकेचा दिसत होता, त्याच लाटा, तेवढ्याच रुंद, एकीवर एक रचलेल्या खवल्यांसारख्या. कान्सुकेनं त्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. घरी येऊन बायकोला म्हणाला, माझी सही कुणीतरी केल्यासारखं वाटलं गं.

पण तडे जायला लागले.

फ्रेम हलवून बघायचं एक यंत्र होतं, दोन दिवस दोन रात्री ते फ्रेमला धक्के देत राहायचं. त्सुरुकोच्या तीस फ्रेम लावल्या की एखादीला जोडाच्या शेवटी, बरोब्बर शेवटी, केसासारखा तडा. दर वेळी तिथेच. कान्सुकेच्या एकाही फ्रेमला नाही, मिचिओच्याही नाही. कुनिएदानं विजेचा दाब बदलला, वेग बदलला, तार बदलली, शेवटच्या जागी जरा जास्त वेळ थांबायला लावलं. तरी तडा. पोरगं जेवेना, त्याची चिकटपट्टीसुद्धा सुटली तरी लावली नाही त्यानं. कान्सुके रोज त्याच्याबरोबर उभा राहायचा आणि त्याला खरंच कळत नव्हतं. उलट अपमान वाटत होता. सगळं तर दिलं, मग राहिलं काय?

जूनमधल्या एका रविवारी मिचिओ आला, भाजलेली वाम मासळी घेऊन, खुशीत. बरेच महिने असा आला नव्हता. दोघं मागच्या ओट्यावर बसले, हात्सुएनं बिअर आणून दिली, आणि मिचिओनं त्सुरुकोची चेष्टा सुरू केली, तुमची बगळी म्हणे अजून अंगणवाडीतच आहे, नापास झाली का परत. कान्सुके म्हणाला, हसू नकोस, मला झोप नाही, कुठे चुकतंय तेच कळत नाही.

मिचिओ त्याच्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “दाजी, तुम्हाला खरंच माहीत नाही?”

“काय?”

“मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी सांगत नाही आहात.”

मिचिओनं चॉपस्टिक उचलली, वाडग्याच्या कडेवरून बंदुकीसारखी फिरवत नेली, आणि शेवटाला पोचल्यावर ती उचलायच्या आधी इवलीशी मागे आणली. तांदळाच्या दाण्याएवढी. मग उचलली. म्हणाला, हे. शेवटाला एक खड्डा राहतो ना वितळलेला, त्यात तुम्ही मागे येता आणि तो भरता. तुम्ही याच्यासाठी मला दोन वर्षं मारलंत. बोटं सुजायची माझी, जेवताना ताई भरवायची मला. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मीच मार खाऊन खाऊन शोधलं.

आतमध्ये हात्सुएचा भांडी घासायचा आवाज बंद झाला होता.

“दाजी, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही,” मिचिओ म्हणाला. “हे तिला सांगू नका.”

बघा म्हणजे, तो त्या दिवशी आला नसता तर कान्सुकेला ते कधी कळलंच नसतं. मिचिओला वाटलं दाजी आपल्यासाठी लपवतायत, आणि तो आभार मानायला मासळी घेऊन आला. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं.

सोमवारी कान्सुकेनं पहिली फ्रेम लावली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा जोडाकडे न बघता हाताकडे बघितलं. काळ्या काचेतून. हात शेवटाला गेला, आणि खरंच, मागे आला, एवढासा. जणू हात दुसऱ्याच कुणाचा होता आणि हा नुसता पाहुणा. त्यानं मुद्दाम मागे न येता एक जोड मारून बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तीनदा केला, तिन्ही वेळा हात आपला आपण मागे.

तो काही बोलला नाही. एक दिवस, दोन दिवस, बारा दिवस. कुनिएदा विचारायचा, हिरामात्सुसान, काही सुचतंय का, आणि हा मान हलवायचा. घरी हात्सुए त्याच्या ताटात वाढायची आणि तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. भाऊ तिचा होता. ती एकदाच म्हणाली, अहो, मी काही सांगणार नाही तुम्हाला, आणि नंतर दिवसभर रडत होती म्हणून शेजारणीनं विचारलंसुद्धा.

तेराव्या दिवशी वरून निरोप आला की मागणी वाढलीय, त्सुरुकोच्या ज्या फ्रेमना तडा दिसत नाही त्या गाड्यांना लावा. साकाकिबारा म्हणाला, तीसमधली एक, तीही दोन दिवस झोडपल्यावर, रस्त्यावर काय एवढं होतंय. कुनिएदा म्हणाला की नवीन फ्रेमला तडा दिसणारच नाही, तो नंतर पडतो. साकाकिबारानं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

या फ्रेमची गाडी होती छोटी, पन्नास सीसीची, मागे कॅरियरची, पेपर आणि दूध टाकायला वापरतात ती. कान्सुकेच्या गल्लीत पेपर टाकणारी बाई होती, नवरा गेलेली, पेपरांची एवढी मोठी थप्पी बांधून उतारावरून यायची, आणि वळणावर तिच्या गाडीचा ब्रेक रोज किंचाळायचा. त्या आवाजानं कान्सुकेला जाग यायची. दुसऱ्या दिवशी तो आवाज आला आणि तो अंथरुणात उठून बसला. तिची गाडी जुनी होती, तिच्या मानेत त्याचा नाहीतर मिचिओचा जोड होता. पण ती कधीतरी नवीन घेणारच ना.

कारखान्यात व्यायाम झाला, हात वर, हात खाली, आणि मग तो सरळ त्सुरुकोभोवती लावलेल्या साखळीपाशी गेला आणि कुनिएदाला म्हणाला, पेटी दे. त्यानं ती पेटी कधी हातात घेतली नव्हती. जाड बोटांनी एकेक बटण शोधत त्यानं तिला शेहेचाळिसाव्या जागेवर नेलं, मग दाण्याएवढं मागे आणलं, आणि म्हणाला, ही नोंदव. सत्तेचाळिसावी.

कुनिएदा आधी समजलाच नाही, मग समजला आणि त्याचे डोळे भरून आले. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“माहीत नव्हतं,” कान्सुके म्हणाला.

शंभर फ्रेम हलवल्या. एकही तडा नाही.

कारखान्यात दर महिन्याला प्रत्येकानं सुधारणेची एक तरी चिठ्ठी द्यायची असते. साकाकिबारानं कान्सुकेला ती लिहायला बसवलं, यंत्राचं नाव, अडचण, उपाय. उपायाच्या चौकटीत त्यानं लिहिलं, शेवटी तांदळाच्या दाण्याएवढं मागे यावं. ती त्या महिन्यातली सगळ्यात चांगली चिठ्ठी ठरली. फळीवर त्याचा फोटो लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते हात्सुएनं खोक्यातून बाहेर काढलं नाही.

मिचिओला सांगायला तो स्वतः गेला, दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. मिचिओ काम करत होता. त्यानं हातातला जोड पूर्ण केला, शेवटाला मागे आला, बंदूक उचलली, काच वर केली. मग ऐकून घेतलं. त्याचे दोघं म्हातारेही ऐकत होते, एकानं टोपी काढली. मिचिओ चिडला असता, ओरडला असता, तर कान्सुकेला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, “मला तुम्ही मारून शिकवलंत, दाजी. तिला नुसतं बटण दाबून.”

ओबोनच्या आधी काम बंद झालं, ठरल्याप्रमाणे. एक म्हातारा मुलीकडे राहायला गेला, दुसरा नुसताच घरी बसला आणि थंडी पडायच्या आत वारला. शेडमधलं सामान भंगारवाला घेऊन गेला. मिचिओ बेचाळीस वर्षांचा होता आणि त्या गावात त्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं, जिथे जावं तिथे एकेक त्सुरुको येऊन उभी होती. ऑक्टोबरमध्ये तो कारखान्यात हंगामी म्हणून लागला, तीन तीन महिन्यांच्या करारावर. हंगामी लोकांच्या टोपीला हिरवी पट्टी असते. आणि त्याला काम मिळालं त्सुरुकोपाशी. साच्यात नळ्या बसवायच्या, बाजूला व्हायचं, तिचा जोड मारून झाला की फ्रेम काढायची, नव्या नळ्या बसवायच्या. दिवसाला चारशे वेळा.

कान्सुके तोवर तीन रोबोंवर देखरेख करत होता. त्यानं साकाकिबाराला विनवलं की मिचिओला दुसरीकडे टाक. साकाकिबारा म्हणाला, दुसरीकडे जागा नाही, आणि त्यानं स्वतःच मागितलंय हे. खरं होतं ते? कुणास ठाऊक. पहिल्या दिवशी कान्सुके त्याच्याजवळ गेला, जेवलास का वगैरे विचारायला, तर मिचिओनं टोपी काढली, कमरेतून वाकला आणि म्हणाला, “हिरामात्सुसान, सांभाळून घ्या.” बाकीचे हंगामी म्हणतात तसं, आडनावानं. त्यानंतर त्यानं दाजी म्हटलं नाही. घरी येणं बंदच केलं. हात्सुए डबा भरून पाठवायची, तो डबा न उघडता परत यायचा, पुसलेला.

नळ्या बसवून झाल्या की मिचिओ पिवळ्या रेषेमागे उभा राहायचा, काळी काच खाली करून, आणि तिचा जोड बघायचा. बघायची गरज नव्हती. आणि ती शेवटाला आली, मागे आली, की त्याचा उजवा हात खिशाजवळ जरासा हलायचा. कान्सुकेनं ते एकदा बघितलं आणि नंतर तिकडे बघायचंच सोडलं.

डिसेंबरात कोरडा वारा सुटतो तिकडे, पत्रे दिवसभर वाजतात. त्या दिवशी एक नळी साच्यात नीट बसली नाही, किंचित वर राहिली. त्सुरुको थांबली. आता ती थांबली म्हणजे बंद झाली असं नसतं, ती नळी बसल्याची खूण मिळायची वाट बघत असते. थांबलेली आणि बंद पडलेली, दोन्ही दिसायला सारखीच. शिकवणीत सगळ्यांना सांगितलेलं असतं, आधी लाल बटण दाबायचं, मगच साखळीच्या आत जायचं. पण लाल बटण दाबलं की सगळी लाईन थांबते, वर दिव्यांच्या फळीवर तुमच्या जागेचा नंबर पेटतो, घंटी वाजते, साठ माणसं मान वळवून बघतात. बटण दाबलं म्हणून कुणी रागवत नाही. नुसतं बघतात. आणि मिचिओचा करार पुढच्या आठवड्यात संपत होता.

तो साखळीखालून वाकून आत गेला, उजव्या हाताच्या तळव्यानं नळीवर दाब दिला, नळी खट्‌कन बसली. त्सुरुकोला खूण मिळाली.

लाल बटण कान्सुकेनं दाबलं, धावत येऊन. तोपर्यंत तिनं बंदूक पहिल्या जागेवर आणली होती आणि नळ्या आवळून धरणारा साच्याचा जबडा मिटला होता, आणि मधे हात होता. मिचिओ ओरडला नाही. सगळे म्हणतात तो ओरडला नाही. नंबर पेटला, घंटी वाजली, वाऱ्यात पत्रे वाजत होते आणि साठ माणसं मान वळवून बघत होती.

तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली.

संध्याकाळी कान्सुके दवाखान्यात गेला. हात्सुए आधीच तिथे होती, भावाच्या पायाशी बसून त्याचे मोजे हातात घेऊन नुसती घड्या घालत होती, उलगडत होती. मिचिओचा हात पांढऱ्या गठ्ठ्यासारखा उशीवर. कान्सुके खुर्चीवर बसला. लग्न ठरवायला गेला होता तेव्हासारखा बसला होता, तासभर, पण आता जोडून देतो म्हणायला काही नव्हतं.

मिचिओनं डोळे उघडले. त्याला बघून उठायला गेला, वाकायला, हात्सुएनं धरून ठेवला.

“हिरामात्सुसान,” तो म्हणाला, “लाईन किती वेळ बंद होती?”

कान्सुकेला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग तो म्हणाला, “अकरा मिनिटं.”

मिचिओनं डोळे मिटले. ओठ हलत होते, हिशेब करत असावा, अकरा मिनिटांत किती फ्रेम. मग म्हणाला, साकाकिबारासानना माझ्या वतीनं माफी सांगा, त्रास झाला सगळ्यांना.

“सांगतो,” कान्सुके म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, व्यायामाचं संगीत लागायच्या आधी, रांगेतून पुढे होऊन टोपी काढून त्यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं, शब्द न् शब्द. तो वाकलेला असतानाच भोंगा सुरू झाला. त्याच्या मागे त्सुरुकोनं हात वर केला.